बिंदू, रेषा आणि वत्सगुल्म

आजचा धागा वाशिमचा आहे, परंतु त्याचे पहिले टोक जपानमध्ये आहे. विषय दोन: जपानी गुन्हेकथा अनुवादातून कशा वाचाव्यात, आणि वाशिमच्या म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या वाकाटक राजघराण्याचा शेवट कसा झाला. हे दोन्ही एकत्र घेण्याचे कारण सोपे आहे. वत्सगुल्माच्या अखेरीचा जो वृत्तान्त आपण इतिहास म्हणून सांगतो, त्याचा मोठा भाग एका संस्कृत कथाग्रंथातून आला आहे. आणि ती कथा नीट वाचली तर ती गुन्हेकथाच आहे.

कथाकाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करायचे असेल तर त्याची उलटतपासणी कशी करायची? हे शिकण्यासाठी मला इतिहासाच्या काही पाठ्यपुस्तकांपेक्षा जपानी गुन्हेकथाकार अधिक उपयोगी वाटतात. (जपानी नावांत आडनाव आधी येते. या धाग्यात तीच पद्धत ठेवली आहे.)

प्रथम मात्सुमोतो सेइचो. त्यांची 'तेन तो सेन' ही कादंबरी १९५७-५८ मध्ये 'ताबी' या प्रवासविषयक मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ 'बिंदू आणि रेषा'. १९७० च्या इंग्रजी अनुवादाने तेच नाव ठेवले होते. २०२२ च्या नव्या अनुवादाने ते बदलून 'टोकियो एक्स्प्रेस' केले. नवा अनुवाद वाचायला अधिक सुखद असेलही, पण नावाच्या बाबतीत नुकसान झाले आहे. कादंबरीचा सगळा विचार जुन्या नावातच होता.

क्यूशू बेटावर, फुकुओकाजवळच्या काशिई किनाऱ्यावर एके सकाळी एक पुरुष आणि एक स्त्री शेजारी शेजारी मृत आढळतात. सायनाइड. पोलिसांना क्षणभरही शंका येत नाही. प्रेमी युगुलाने एकत्र जीव देण्याला जपानी भाषेत 'शिंजू' असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि समोरचे दृश्य त्या शब्दात नेमके बसते. पुरुष मंत्रालयातला अधिकारी आहे. त्याच्या खात्यात लाचखोरीचे प्रकरण पेटलेले आहे. तेव्हा कारणही हाताशी आहे.

तोरिगाई नावाच्या वयस्क स्थानिक गुप्तहेराला मात्र मृताच्या खिशातली आगगाडीच्या भोजनयानाची पावती खटकते. पावती एकाच माणसाच्या जेवणाची आहे. प्रेयसीला घेऊन मरायला निघालेला माणूस एकटाच जेवला? एवढ्या एका कागदापासून तपास सुरू होतो. पुढे टोकियो स्थानकाच्या १३ क्रमांकाच्या फलाटावरून १५ क्रमांकाच्या फलाटावरची गाडी दिसते का, दिसत असेल तर किती वेळ, इथपर्यंत तो जातो. उत्तर येते चार मिनिटे: सायंकाळी ५.५७ ते ६.०१. एरवी मधल्या रुळांवर सतत गाड्या उभ्या असतात.

दोन मृतदेह म्हणजे दोन बिंदू. ते जवळ पडलेले होते म्हणून पाहणाऱ्यांनी त्यांच्यामध्ये रेषा ओढली. रेषा खरोखर होती की ती पाहणाऱ्याच्या मनात होती, हा कादंबरीचा प्रश्न आहे. तिचे उत्तर इथे देणार नाही. गुन्हेकथेच्या परीक्षणाचा हा पहिला शिष्टाचार, आणि तो पाळूनही पुस्तकाबद्दल पुष्कळ बोलता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तर एवढा प्रश्नही पुरेसा आहे, कारण आपले सगळे काम बिंदूंवरच चालते: एक ताम्रपट, एक भग्न शिलालेख, एखादे नाणे. मधल्या रेषा आपल्याच असतात.

मात्सुमोतोंपर्यंत जपानी गुन्हेकथा कशी पोहोचली हे थोडक्यात पाहू. तिची सुरुवात आपल्यासारखीच रूपांतरापासून झाली. कुरोइवा रुइको (१८६२-१९२०) यांनी फ्रेंच आणि इंग्रजी कादंबऱ्या पात्रांना जपानी नावे देऊन वृत्तपत्रांतून मांडल्या. आपल्याकडे गो. ना. दातारशास्त्री रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवत होते, तोच मार्ग. मूळ लेखकाशी प्रामाणिक राहणे हे तेव्हा कोणाला फारसे कर्तव्य वाटत नव्हते; वाचक उद्याच्या अंकाची वाट पाहत राहावा, एवढे पुरे होते.

मग हिराई तारो आले. एडगर ॲलन पो या नावाचे जपानी उच्चार फिरवून त्यांनी 'एदोगावा रानपो' हे टोपणनाव घेतले आणि १९२३ मध्ये 'दोन सेनचे तांब्याचे नाणे' या कथेने आधुनिक जपानी रहस्यकथेचा पाया घातला. युद्धकाळात सरकारला असल्या साहित्याचे वावडे झाले. रानपो यांची 'सुरवंट' ही युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकाची कथा १९३९ मध्ये छापण्यास मनाई करण्यात आली. युद्ध संपताच बांध फुटला. स्थलांतरित होऊन ओकायामाच्या खेड्यात राहणाऱ्या योकोमिझो सेइशी यांनी १९४६ मध्ये 'होनजिन' ही बंद खोलीतल्या खुनाची कादंबरी लिहिली. लाकूड आणि कागदाच्या सरकत्या दारांच्या जपानी घरात 'बंद खोली' रचणे ही मोठीच करामत होती.

या प्रकाराला 'होनकाकू' म्हणतात, म्हणजे अस्सल घाटाची कोड्याची कथा. मात्सुमोतो त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्यामागून आलेल्या प्रवाहाला 'शाकाइ-हा', सामाजिक संप्रदाय, असे नाव पडले. खून कोणत्या युक्तीने केला यापेक्षा तो का करावा लागला, त्यात कोणाचे हित होते, कनिष्ठ कारकून मेल्यावर वरिष्ठ कसा सुटला, याकडे त्यांनी वाचकाची नजर वळवली.

आता अनुवादाची गोष्ट. रानपो यांच्या नऊ कथांचा इंग्रजी संग्रह १९५६ मध्ये निघाला. अनुवादक जेम्स हॅरिस. हॅरिस जपानी अस्खलित बोलत, पण त्यांना ती वाचता येत नव्हती. रानपो इंग्रजी वाचत, पण लिहू-बोलू शकत नव्हते. म्हणून रानपो एकेक ओळ अनेकवार वाचून दाखवत, हॅरिस ती इंग्रजीत उतरवून काढत आणि रानपो ती वाचून पसंत करत. पाच वर्षे हे चालले. म्हणजे जगाने रानपो म्हणून जो पहिल्यांदा वाचला, तो ऐकून लिहिलेला रानपो होता. हे लक्षात ठेवा. पुढे वाशिमच्या एका नावाबाबत असेच काही घडलेले दिसेल.

अनुवादात काय निसटते याचे सर्वोत्तम उदाहरण मात्सुमोतोंच्याच 'सुना नो उत्सुवा' (१९६०-६१) या कादंबरीत आहे. इंग्रजीत ती १९८९ मध्ये तपासनीस इमानिशीच्या नावाने आली. टोकियोच्या कामाता रेल्वे यार्डात एका वृद्धाचा मृतदेह सापडतो. आदल्या रात्री मद्यालयात त्याला कोणाशी बोलताना ऐकलेले असते. साक्षीदारांना दोनच गोष्टी आठवतात: 'कामेदा' हा शब्द, आणि बोलण्यातला ईशान्य जपानचा, तोहोकूचा हेल. पोलीस तोहोकूतले कामेदा गाव धुंडाळतात. हाती काही लागत नाही. पुढे भाषाभ्यासकांकडून कळते की तसाच हेल देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, इझुमो भागातही आढळतो. (काळजी नसावी. ही गोष्ट कादंबरीच्या मध्यात येते, खुनी अद्याप सुरक्षित आहे.)

इंग्रजी वाचकाला हे सांगावे लागते. तो ऐकू शकत नाही. मराठी अनुवादकापुढे मात्र एक सुंदर शक्यता आहे. वाशिमकडे 'शाळा'ची 'शाया' होते, 'डोळा'चा 'डोया' होतो. आणि जळगावकडच्या लेवा बोलीतही 'ळ'चा 'य' होतो. एखाद्याने 'काया' म्हटले की पुण्याचा साक्षीदार 'वऱ्हाडी होता' असे बेधडक सांगून मोकळा होईल, आणि तपास चुकीच्या गाडीत बसेल. जपानी गुन्हेकथा बहुतेक मराठी वाचक इंग्रजीमार्गे वाचतात. थेट जपानीतून मराठी करणाऱ्याला हा एक धागा इंग्रजी अनुवादकापेक्षा अधिक चांगला विणता येईल.

तिसरे पुस्तक हिगाशिनो केइगो यांचे 'आकुइ' (१९९६, इंग्रजी २०१४). अर्थ 'दुष्ट हेतू'. एका प्रसिद्ध लेखकाचा खून होतो आणि त्याचा मित्र, तोही लेखक, घडलेले सारे टिपून ठेवतो. अधिकारी कागा ती टिपणे वाचतो. गुन्हेगार कोण हे पुस्तकाच्या पूर्वार्धातच कळते. उरतो तो 'का'. सबंध कादंबरी टिपणे, जबान्या आणि आठवणी यांची बनलेली आहे. लिहिणारा हा लिहिण्यात वाकबगार आहे, हीच तपासातली सर्वांत मोठी अडचण ठरते. ऐतिहासिक साधनांचा अभ्यास करणाऱ्याने ही कादंबरी एकदा तरी वाचावी असे माझे मत आहे. शैलीच्या दृष्टीने ती कोरडी आहे आणि मधला भाग रेंगाळतो, हेही सांगितले पाहिजे.

या तीन पुस्तकांतून तीन प्रश्न घेऊन आपण वाशिमला येऊ. रेषा कोणी ओढली? शब्द कोणी ऐकला आणि कसा? लिहिणाऱ्याला लिहिण्याची कला किती अवगत होती?

१९३९ पर्यंत वत्सगुल्म ही वाकाटकांच्या स्वतंत्र शाखेची राजधानी होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. साधन होते, पण ते चुकीचे वाचले गेले होते. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याचा शिलालेख आहे. त्यात हरिषेणापर्यंतची वंशावळ दिली आहे. पावसापाण्याने झिजलेल्या या लेखातील एक नाव ब्यूलर यांनी 'पृथिवीषेण' असे वाचले. त्या नावाचा राजा नंदिवर्धनच्या, म्हणजे रामटेक परिसरातल्या, वाकाटक शाखेत होता. साहजिकच दोन वंश एकाच वंशात कोंबले गेले आणि सगळी कालगणना वाकडी झाली. ब्यूलर हे थोर लेखवाचक होते. परंतु 'कामेदा' ऐकून तोहोकूला निघालेल्या पोलिसांप्रमाणे त्यांनीही झिजलेले अक्षर परिचित नावाशी जोडले.

१९३९ मध्ये वाशिम येथे एक ताम्रपट मिळाला. दान वत्सगुल्माहून दिलेले. देणारा दुसरा विंध्यशक्ती, राज्यवर्ष ३७ वे. दिलेले गाव नांदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गावरचे. वंशावळीचा भाग संस्कृतात, बाकीचा प्राकृतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या ताम्रपटाच्या प्रकाशात अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि दाखवून दिले की ते अक्षर 'पृथिवीषेण' नसून 'विंध्यसेन' आहे. एका नावाने एक राजघराणे जिवंत झाले: सर्वसेन, विंध्यसेन, दुसरा प्रवरसेन, त्याचा आठव्या वर्षी गादीवर आलेला मुलगा (याचे नाव लेखातून गळाले आहे), देवसेन आणि हरिषेण.

हे घराणे साहित्यप्रेमी होते. सर्वसेनाने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य लिहिले होते. ते हरवले, उरले ते नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी केलेले उल्लेख आणि काही तुटक अवतरणे. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावून दिला. वाशिमकरांनी गर्व करावा असा याहून मोठा दाखला दुसरा नाही, आणि तो फारसा कोणी सांगत नाही, याचे मला नवल वाटते. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथे देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला आहे. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचे तळे बांधल्याची नोंद त्यात आहे, आणि विशेष म्हणजे त्यावर शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, असा स्पष्ट काळ दिला आहे. वाकाटकांच्या लेखांत असा शककाळ दुर्मीळ. ते राज्यवर्षे देऊन थांबतात. हा आपला पहिला पक्का बिंदू.

दुसरा बिंदू वराहदेवाचाच लेख. हरिषेणाच्या संदर्भात त्यात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशनामांची माळ येते. त्याने ते जिंकले, त्यांच्याकडून खंडणी घेतली, की आणखी काही? सांगता येत नाही, कारण नेमके क्रियापद गळून पडले आहे. कर्ता आहे, कर्म आहे, क्रिया नाही. असा पुरावा एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

तिसरा बिंदू अजिंठ्याच्याच २६ क्रमांकाच्या लेण्यात. तिथल्या बुद्धभद्र भिक्षूच्या लेखात वाकाटकांचे नाव नाही. मंत्री भव्विराज याचा गौरव आहे, आणि तो मंत्री अश्मक राजाचा. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा, नांदेड-निजामाबादकडचा देश. वाशिमचा दक्षिणेकडचा शेजारी.

आणि मग शांतता. हरिषेणानंतर वत्सगुल्माचा कोणताही राजा आपल्याला लेखांतून बोलताना ऐकू येत नाही. अजिंठ्याची कित्येक कामे अर्धवट सुटलेली दिसतात. मृतदेह सापडला आहे, मारेकरी दिसत नाही, अशी ही अवस्था.

इथे दंडी येतो. इ. स. सातव्या शतकाच्या अखेरीचा, कांचीच्या पल्लवांच्या आश्रयातला हा गद्यकार. त्याचे 'दशकुमारचरित' हे दहा कुमारांच्या भटकंतीचे कथानक चोर, जुगारी, गणिका आणि तोतये यांनी गजबजलेले आहे. त्यातला अपहारवर्मा चंपानगरीत घरफोडीला निघतो तेव्हा दंडी त्याच्या हत्यारांची यादीच देतो: मोजमापाची दोरी, लाकडी मुंडके, आणि दिवे विझवण्यासाठी किड्यांची डबी. होनकाकूवाल्यांनी हेवा करावा अशी ही तयारी.

आपल्याला हवे ते प्रकरण आठवे, विश्रुताचे. विंध्याच्या अरण्यात विहिरीकाठी एक आठ वर्षांचा भुकेला मुलगा आणि विहिरीत पडलेला त्याचा म्हातारा सेवक विश्रुताला भेटतात. म्हातारा सांगतो ती कहाणी अशी. विदर्भात पुण्यवर्मा नावाचा आदर्श राजा होता. त्याचा मुलगा अनंतवर्मा कलांत निपुण, राजनीतीत आळशी. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला राजनीती शिकण्याचा उपदेश करतो. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची यथेच्छ टिंगल करतो. राजाच्या दिवसाचे आठ भाग आणि रात्रीचे आठ भाग हिशेबाने मांडून तो दाखवून देतो की शास्त्राप्रमाणे वागणाऱ्या राजाला धड जेवता येत नाही की झोपता येत नाही. संस्कृतातला इतका चुरचुरीत उपहास क्वचित वाचायला मिळतो.

मग अश्मक देशाच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित येतो. बापाने हाकलून दिल्याचे ढोंग. बरोबर गायक, नर्तकी आणि वेष पालटलेले हेर. तो राजाला शिकार, द्यूत, स्त्रिया आणि मद्य यांचे फायदे शास्त्रोक्त पद्धतीने पटवून देतो. राजा बिघडतो, अधिकारी लुटायला लागतात, खजिना आटतो. त्याचबरोबर कर्तबगार माणसे एकेक करून मरू लागतात. शिकारीला नेऊन गवताळ दरीत कोंडून वणवा लावणे, झाकलेले खड्डे, हरणाच्या मिषाने सोडलेले बाण, विषारी वस्त्रे आणि उटणी, रोग वाढवणारे वैद्य. प्रत्येक मृत्यू अपघात दिसावा अशी व्यवस्था. काशिईच्या किनाऱ्यावर दोन मृतदेह पाहून पोलीस जसे निश्चिंत झाले, तसेच विदर्भातही कोणाला शंका आली नसावी.

अखेरीस अश्मकराज वसंतभानू वनवासीच्या राजाला विदर्भावर घालतो. अनंतवर्मा मांडलिकांसह नर्मदेकाठी तळ देतो. तिथे कुंतलराजाची नर्तकी आपल्याकडे ओढून तो त्याला दुखावतो. वसंतभानू तेवढेच धरून कुंतल, मुरल, ऋषीक, कोकण आणि नासिक्य यांच्या मांडलिकांना फोडतो. समोरून वनवासीचे सैन्य, पाठीमागून आपलेच लोक. राजा मारला जातो. मग लुटीवरून मांडलिकांना आपसात झुंजवून वसंतभानू सगळे राज्य गिळतो. विधवा राणी मुलांना घेऊन माहिष्मतीला दिराकडे जाते. तिथेही मुलाच्या जिवावर टपलेला माणूसच भेटतो. म्हणून तो मुलगा रानात. विश्रुत पुढे बचनागाच्या पाण्यात भिजवलेल्या माळेने त्या दिराचा काटा काढतो, आणि तीच माळ उतारा लावून मुलीच्या गळ्यात घालतो, म्हणजे विषाचा संशयच नको.

मिराशींनी मांडले की ही वाकाटकांच्या अखेरीची आठवण आहे: पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा मुलगा. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी याच पायावर आपली वर्षावर्षाची कालगणना उभी केली: हरिषेणाचा मृत्यू ४७७ च्या सुमारास, मग अश्मकांचा उठाव, मग कामे थांबणे.

आता उलटतपासणी. बाजूने बोलणारे पुरावे कमी नाहीत. २६ क्रमांकाच्या लेण्यातला अश्मक मंत्री कथेबाहेरचा, स्वतंत्र साक्षीदार आहे. कथेतला भूगोल पाचव्या शतकाच्या दख्खनला शोभतो. विदर्भाच्या राजाचे मांडलिक कुंतलापासून कोकणापर्यंत पसरलेले असणे दंडीच्या स्वतःच्या काळी अशक्य होते. तेव्हा तिथे चालुक्य होते. शिवाय 'अवंतिसुंदरीकथे'त दंडी आपले पूर्वज अचलपुरात राहत असल्याचे सांगतो. घरात विदर्भाच्या आठवणी चालत आल्या असतील, हे शक्य आहे.

विरुद्ध बाजू पाहा. कथेतल्या राजांपैकी एकाचेही नाव कोणत्याही वाकाटक लेखात नाही. कथाकार आणि घटना यांत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा: अनंतवर्म्याची चार व्यसने ही कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तल्या कामज व्यसनांची नेमकी यादी आहे. मृगया, द्यूत, स्त्रिया, पान. गुप्त वधाचे पुष्कळसे उपायही त्या शास्त्राच्या वळणाचे. दंडीला ते शास्त्र चांगले ठाऊक होते. विष्णुगुप्ताच्या सहा हजार श्लोकांचा उल्लेख तो याच प्रकरणात करतो. १९०९ मध्ये 'अर्थशास्त्र' छापून येईपर्यंत त्या हरवलेल्या ग्रंथाच्या मोजक्या खुणांपैकी ही एक होती.

गुन्हा पाठ्यपुस्तकाशी असा तंतोतंत जुळला की तपासनीसाने सावध व्हावे. राजनीती न शिकणाऱ्या राजाचे काय होते, हे दाखवण्यासाठी रचलेल्या कथेत राजा त्याच शास्त्राच्या क्रमाने बुडाला, तर त्यावरून खरा राजा तसाच बुडाला असे ठरत नाही. नर्तकीचा प्रसंग, खुशमस्कऱ्या, चार व्यसने हा सगळा भाग मी दंडीच्या खात्यावर टाकतो. 'नर्तकीपायी वाकाटकांचे राज्य गेले' असे वाक्य लिहिताना हात आवरावा.

आठ वर्षांच्या मुलाचेही तसेच. शिलालेखात आठव्या वर्षी राजा झालेला मुलगा आहे आणि कथेतही आठ वर्षांचाच राजपुत्र आहे. जोडण्याचा मोह होतो. पण शिलालेखातला मुलगा हरिषेणाचा आजोबा आहे. आणि मिराशींची ओळख मानली तर कथेतला मुलगा हरिषेणाचा नातू. चार पिढ्यांचे अंतर असलेले दोन बिंदू. इथे रेषा ओढू नये.

मोह कुठवर नेतो याचे उदाहरण पुन्हा जपानमध्येच मिळते. मिनामोतो नो योशित्सुने हा सेनानी ११८९ मध्ये मेला. लोकांच्या लाडक्या वीराचा असा अंत जपानी मनाला रुचला नाही. तो निसटून मोंगोलियात गेला आणि तोच चंगीझ खान झाला, अशी कल्पना एकोणिसाव्या शतकात मांडली गेली. १९२४ मध्ये ओयाबे झेन्इचिरो यांच्या पुस्तकाने तिला प्रचंड खप मिळवून दिला. इतिहासकारांनी ती सपशेल खोडून काढली. तरीही १९५८ मध्ये ताकागी आकिमित्सु यांनी रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या याच कोड्याचा तपास करणारा गुप्तहेर रंगवला. कादंबरी म्हणून ती मोहक कल्पना आहे. ११८९ हा एक बिंदू, १२०६ साली चंगीझ खान सर्वांचा खान होतो हा दुसरा. मधली सतरा वर्षे लेखकाने आपल्या हाताने भरली.

मिराशी किंवा स्पिंक यांची मांडणी त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापाशी २६ क्रमांकाचे लेणे होते, अर्धवट सुटलेली कामे होती, भूगोल होता. पण त्यांच्या मांडणीतही दोन वेगवेगळ्या वजनांच्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. हरिषेणानंतर अश्मकांचा वरचष्मा झाला आणि वत्सगुल्माची सत्ता कोसळली, हे मला बरेच संभवनीय वाटते. कोणी कोणाला कसे मारले, कोणत्या वर्षी, कोणाच्या नादाने, हे मात्र दंडीशिवाय कोणीच सांगत नाही. स्पिंक यांच्या वर्षावर्षाच्या काटेकोर तारखा म्हणूनच अनेक अभ्यासकांनी स्वीकारलेल्या नाहीत.

अश्मकांचा हेतू शोधायचा असेल तर मात्सुमोतोंचा रस्ता धरावा: नर्तकी सोडा, नकाशा पाहा. विंध्यशक्तीच्या ताम्रपटातले गाव नांदेडच्या मार्गावर आहे. म्हणजे गोदावरीखोऱ्याची उत्तर कड वाशिमच्या ताब्यात होती, आणि तिच्या पलीकडे अश्मक होते. हा हेतू कौटिल्याच्या कोणत्याही यादीतून आलेला नाही. तो तांब्यावर कोरलेला आहे.

वाचनाचा क्रम विचाराल तर आधी 'तेन तो सेन' घ्या, शक्य असेल तर नकाशा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून. ती लहान आहे, दोन बैठकांत संपते. मग दंडीचे आठवे प्रकरण. कथेत शेवटी काय होते असे काही जण विचारतील. विश्रुत दुर्गेच्या मूर्तीखाली विवर करून लपतो, राजपुत्राला देवीचा प्रसाद म्हणून लोकांपुढे आणतो, प्रजा त्याच्या बाजूला वळते, अश्मकावर चाल करून जाण्याची तयारी सुरू होते, आणि तिथे दंडीचा मजकूर तुटतो. पुढचा शेवट नंतरच्या कोणीतरी लिहून जोडलेला आहे.